राणीला हात न लावणारे तात्या

कॅरममध्ये राणी आयती समोर आली तरी तिला हात न लावणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आमच्या शेजारचे नामदेवतात्या शिंपी. कारण विचारलं की कात्रीवरची नजर न काढता म्हणायचे, "राणी आपल्याला चालत न्हाई." चालत नाही म्हणे! जसं काही डॉक्टरनं पथ्य सांगितलंय.

बाकी बोटं अशी की सोंगटी भोकात पडताना आवाजसुद्धा करायची नाही.

त्या वर्षी चहाच्या एका कंपनीची मोटार बाजाराच्या दिवशी गावोगाव कॅरमचे सामने भरवत फिरत होती. बेलापूर करून ती आमच्या सोनईला आली. बक्षीस ट्रान्झिस्टर. दर डावाला राणी दुसऱ्याला देऊनही तात्या फायनलला पोचले. समोर बेलापूरचा गडी. सगळा बाजार धंदा सोडून भोवती जमलेला. तात्यांची एकच सोंगटी उरली, पण नियम असा की राणी गेल्याशिवाय शेवटची सोंगटी टाकता येत नाही. आणि राणी तर भोकाच्या तोंडाशीच बसलेली. फुंकर मारली असती तरी पडली असती हो! या माणसानं काय करावं? स्ट्रायकर घासून तिला अलगद बेलापूरकराच्या पुढ्यात सारलं. त्यानं राणी घेतली, उरलेल्या सोंगट्या घेतल्या आणि ट्रान्झिस्टर काखेत मारून तो चालता झाला.

माझं टाळकंच सरकलं. गावाची शोभा झाली ती झालीच, पण या माणसाची बायको कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. त्या माउलीला तेवढीच गाणी ऐकता आली असती की नाही? संध्याकाळी चांगलं झापायचं ठरवूनच मी त्यांच्या घरात शिरलो.

काकूंच्या पलंगावर कॅरम मांडलेला होता. उशांना टेकलेल्या काकूंनी मूठ उघडून मला राणी दाखवली.

"आज बी मीच घेतली. यांना इतक्या वर्षांत राणी काय घेता येईना बघ."

हसता हसता त्यांना ठसका लागला. तात्यांनी त्यांना पाणी दिलं आणि माझा दंड धरून मला दाराबाहेर आणलं.

"भायेर राणी घ्यायची सवय लागली, तर एखाद्या दिवशी घरी बी हात जाईल," ते हळूच म्हणाले. "दिसभर पडून आसती रे ती. तेवढंच जिंकती."

माझं झापायचं राहूनच गेलं. आतून काकूंची हाक आली. त्यांनी राणी पुन्हा मधोमध मांडली होती, आणि तात्या लगबगीनं हरायला आत गेले.