शेवंता आत्याचा पोहायचा कोट

माझ्या साखरपुड्याला माझी आत्या टॉवेल घालून आली होती.

तळेगावचा हॉल होता, जानेवारी महिना होता, मुलीकडची मंडळी सतरंजीवर बसली होती, आणि दारातून शेवंता आत्या आत आली. घोट्यापर्यंत लांब, बाहेरून काळा, आतून गुलाबी, बाह्या इतक्या ढगळ की एकेका बाहीत एकेक लहान मूल बसेल. डोक्यावर टोपी ओढलेली. आतलं अस्तर सरळसरळ टॉवेलसारखं. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "त्यांना बरं नाही का? तशाच अंघोळीवरून उठून आल्यात का?"

मी म्हणालो, "नाही, त्यांना थंडी फार वाजते."

थंडी तिला वाजत नाही. मे महिन्यातही ती तो कोट घालते, फक्त चेन उघडी ठेवते.

या कोटाची हकीकत अशी. आत्या लोणावळ्यात एका बंगल्यावर काम करते. बंगल्याच्या बाई मुंबईच्या, शनिवार-रविवारी येणाऱ्या. त्यांना उघड्या पाण्यात पोहायचा नाद. हिवाळ्यात भल्या सकाळी त्या गाडी काढून पवनेच्या धरणावर जायच्या आणि चहाचा थर्मास धरायला आत्याला न्यायच्या. पोहून वर आल्या की हा कोट अंगावर घ्यायचा, हात आत ओढायचे, आतल्या आत ओले कपडे उतरवायचे आणि कोरडे चढवायचे. पोहणारे लोक त्यासाठीच तो वापरतात. आत्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी येऊन महिनाभर दुसरा विषय काढला नाही.

"मिलू, काठावर चार मासंवालं बसलेलं. आन बाई पोहायच्या कापडात आत गेली आन पंजाबी ड्रेस घालून भाईर आली. कुनाला काय बी दिसलं न्हाई."

पुढे बाईंनी नवा कोट घेतला आणि जुना आत्याला दिला. तेव्हापासून तो तिच्या अंगावरून उतरला नाही. रेशनला कोट, बाजाराला कोट, मयतीला कोट. आत्याला स्वतःला पोहता येत नाही. घोट्याच्या वर पाणी आलं तर ती देवाधर्माच्या भानगडीत न पडता थेट माझ्या वडिलांना हाक मारते.

कोटाच्या आत हात घेऊन ती काय काय करायची याचा आम्हाला पत्ता लागत नसे. आम्ही कान्ह्याला राहतो. कामशेतच्या बाजारातून मेथीची जुडी घेऊन लोकलमध्ये बसली की कान्हे येईपर्यंत आतल्या आत मेथी निवडून झालेली असे. बाह्या दोन्हीकडे रिकाम्या लोंबतायत, चेहरा खिडकीकडे, आणि पोटाशी काहीतरी हलतंय. समोरच्या बाया सरकून बसत. मी पुटपुटायचो, "आत्या, लोक बघतायत."

"बघूंद्या. दिसलं का काय? न्हाई ना? मग झालं."

हे तिचं ठरलेलं उत्तर. एकदा तिकीट तपासनिसाने पास मागितला. आत्याची हनुवटी वर झाली, चेन चार बोटं खाली आली आणि गळ्यापाशी एक हात पास घेऊन बाहेर आला. तपासनीस एक पाऊल मागे गेला.

"मावशी, तुमचे हात कुठे आहेत?"

"आत हायती. हा त्यातलाच येक."

पौर्णिमेला विहारात वंदनेला आमच्याकडे सगळे पांढऱ्या कपड्यात जातात. सगळी पांढरी माणसं ओळीत बसलेली आणि मधे हा काळा डोंगर. वस्तीतले एक वयस्कर आबा म्हणाले, "शेवंता, पांढरं नेसून यायचं आसतं."

"नेसलीया की आबा. आत हाय."

आबांनी डोळे मिटून वंदना सुरू केली.

अलीकडे लोणावळ्यात एक नवीन गोष्ट घडायला लागली. रविवारी फिरायला येणारी मुंबई-पुण्याची मंडळी असेच कोट घालून दिसू लागली. पोहण्याशी त्यांचा काही संबंध नाही. नुसतेच अंगावर घालून चिक्कीच्या दुकानासमोर उभी. आत्याला फार आनंद झाला. अशी एखादी तरुण बाई दिसली की ती थेट तिच्यापाशी जाई आणि तिच्या कोटाच्या बाहीला हात लावून विचारी, "तुमाला कुठल्या बाईनी दिला?"

"मी विकत घेतला."

"इकत?" आत्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव येई. "कुनी दिला न्हाई व्हय."

ती बाई विचारी, "तुम्ही पण स्विमिंग करता का?"

"व्हय. रोज टाकीत उतरते. घासायला."

मी अशा वेळी दोन दुकानं पुढे जाऊन चप्पल बघत उभा राहत असे. चप्पल घ्यायची नसे.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण तेव्हा मला हसू येत नसे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.ए. झालो, बी.एड. झालो, लोणावळ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. आत्याचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच वारला आणि ती माहेरी परत आली. तिला मूल नाही. माझ्या वह्या, माझी फी, माझा परीक्षेचा बूट, सगळ्यात तिच्या बंगल्यावरच्या घासण्या-पुसण्याचा वाटा आहे. हे मी कधी विसरलो नाही. विसरलो नाही आणि तरीही पुढचं घडलं.

ऑगस्टमधली गोष्ट. लोणावळ्यात आठ दिवस आभाळ खाली उतरून बसलं होतं. त्या दिवशी मी डबा घरी विसरलो. शाळेत संस्थेचे दोन पदाधिकारी आले होते. मुख्याध्यापिका त्यांना घेऊन व्हरांड्यात उभ्या होत्या आणि माझी ओळख करून देत होत्या. "हे मिलिंद सर. मुलांना शुद्धलेखनाची गोडी लावली यांनी." मी हात जोडले. तेवढ्यात फाटकातून तो कोट आला. पाणी गळतंय, टोपी नाकापर्यंत, पायात बंगल्याच्या मालकाचे गमबूट. शिपाई आडवा गेला. त्याला आत्याने बाजूला केलं.

एक पदाधिकारी हसून म्हणाले, "हा काय प्रकार?"

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलं. "सर, तुमच्याकडे आल्यात वाटतं. कोण आहेत?"

मी म्हणालो, "ओळखीच्या आहेत. बंगल्यावर काम करतात."

हे वाक्य बोलायला मला अजिबात वेळ लागला नाही. तयार असल्यासारखं आलं.

आत्या चार हातांवर होती. तिला ऐकू चांगलं येतं. तिने टोपी मागे सारली, डबा बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"सर, तुमचा डबा. इसरला व्हता."

जन्मापासून तिने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी डबा घेतला. तिने मुख्याध्यापिकांना नमस्कार केला आणि ती फाटकाबाहेर गेली. डब्यात वांग्याची भाजी होती, माझ्या आवडीची. मी ती खाल्ली. भूक लागली होती.

संध्याकाळी घरी ती नेहमीसारखीच होती. "मिलू, च्या टाकू का?" एवढंच. दुसऱ्या दिवशी ती कामाला निघाली ती काडी मोडलेली छत्री घेऊन. कोट नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता.

मला सुटल्यासारखं वाटलं. मी बायकोला म्हणालोसुद्धा, "आत्याला आलं एकदाचं लक्षात." बायकोने मान हलवली. शाळेतलं तिला मी सांगितलं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी मी संध्याकाळी लोणावळ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत होतो. आत्या त्या दिवशी अजून आली नव्हती. एक जाडजूड बाई समोर येऊन उभी राहिली. अंगावरची साडी पिळून काढावी इतकी ओली. मागे आणखी दोघी, तशाच.

"तुमीच का शेवंताचं सर?"

मी म्हणालो, "हो."

"मी ठकूबाई. तिच्या पल्याडच्या बंगल्यावर आसते. कोट कुटंय तिचा? तिला इचारलं तर सांगत न्हाई."

"घरी असेल. तिला आता नकोसा झालाय."

"तिला नगं आसंल. आमचं काय?"

मला काही कळेना. ठकूबाईने मला शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. या सगळ्या बाया बंगल्यांवर टाक्या घासतात, फरशा धुतात, वरून पाऊस. संध्याकाळी सगळ्या चिंब असतात. "माज्या बंगल्यात बाथरूम सहा हायती. आमाला येकात बी पाय टाकायचा न्हाई." मग रोज सुटताना गल्लीच्या टोकाला जांभळीखाली सगळ्या जमायच्या. आत्या कोट काढायची आणि एकेकीला घालायची. तिने आत परकर-झंपर बदलायचा, बाहेर येऊन कोरडी साडी गुंडाळायची, मग दुसरीने आत जायचं. आत्या रस्त्याकडे तोंड करून आडवी उभी राहायची आणि कोणी येताना दिसलं की मोठ्याने पावसाबद्दल बोलायची.

"मी तर त्यात मावत न्हाई," ठकूबाई म्हणाली, "तरी शिरते. चेन लागत न्हाई, मंग शेवंता दोनी हातांनी धरून ऱ्हाते."

मागची एक म्हणाली, "आता वल्याच जातो घरी. ही सखू चार दिस तापानं पडली व्हती."

मी म्हणालो, "मला हे माहीत नव्हतं."

"तुमाला कसं ठावं आसंल?" ठकूबाई हसली. टोमणा होता, पण त्यात राग नव्हता. "तुमच्या पायीच तर तिला ही अक्कल आली. ती सांगती की आमाला. घरात खोली येक, मानसं सहा. कापडं बदलायला येकच कोपरा, पडदा लावलेला. तुमी धाव्वीला गेला तवा तितला पडदा काढला आन तुमचं टेबल टाकलं. मंग चार-पाच वर्सं शेजारच्या गोठ्यात म्हशीमागं साडी बदलायची बाई. मारे कौतुकानं सांगती. म्हनती, कोपरा गेला पन पोरगं सर झालं."

गाडी आली. ठकूबाई आणि त्या दोघी बायकांच्या डब्यात चढल्या. मी चढलो नाही, पुढच्या गाडीने गेलो.

ते टेबल मला आठवतं. भिंतीकडे तोंड करून मी तिथे मोठमोठ्याने पाठांतर करत असे. पाठीमागे घरात बायका कुठे काय करतात हे मला एकदाही दिसलं नाही, कारण मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला वाटायचं, अभ्यासात लक्ष लागतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेल्यावर मी तिची पत्र्याची पेटी उघडली. कोट धुऊन, घडी घालून ठेवला होता. तो पिशवीत कोंबून शाळेत नेला आणि शाळा सुटल्यावर गल्लीच्या टोकाला गेलो. जांभळीखाली ठकूबाई, सखू आणि आणखी एकजण उभ्या होत्या. आत्या छत्री मिटत होती. मला बघून तिने भुवया चढवल्या.

"हितं कशाला आलास? बायांची जागा हाय."

मी पिशवी पुढे केली. काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं. "आत्या, हा," एवढंच म्हणालो.

तिने पिशवीत डोकावून बघितलं. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग कोट झटकला आणि म्हणाली, "सखू, तू आदी शीर. ताप यिऊन गेलाय तुला. आन तू रं, तिकडं तोंड कर. रस्त्याकडं."

मी वळलो. पाऊस तिरपा येत होता. मागे चेनचा आवाज, ओल्या कापडाचा आवाज, ठकूबाईचं "आगं हळू, बाही फाटंल". मग एक स्कूटर येऊन माझ्यासमोर थांबली. हेल्मेटची काच वर झाली. आमच्या आठवीतल्या एका मुलाचे वडील.

"सर, पावसात इथे?"

"आत्याबरोबर आलोय."

"कुठायत?" म्हणून ते माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले.

"तिकडे बघू नका," मी जरा जोरातच म्हणालो. "आत्या आहे माझी."

ते गोंधळले, काच खाली केली आणि गेले. मागचे सगळे आवाज थांबले होते.

मागून आत्या म्हणाली, "कोन व्हतं?"

"आठवीतल्या मुलाचे वडील."

"काय म्हनलास त्यांला?"

तिने ऐकलं होतं. मी म्हणालो, "म्हणालो, आत्या आहे माझी."

चेन पुन्हा वर गेल्याचा आवाज आला. ठकूबाई काहीतरी पुटपुटली, सखू हसली. मग आत्याने अगदी साध्या आवाजात, चहा टाकू का विचारावं तसं विचारलं,

"आन तुज्या शाळंतल्या मोठ्या बाईंना सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. तिने मला रस्त्याकडे तोंड करायला सांगितलं होतं, ते बरं झालं.