नाना, युनियन आणि बोरमाळची गाडी

कंडक्टरनं डबल बेल दिली की ड्रायव्हरनं गाडी काढायची, हा एस.टी.चा साधा नियम. आमचे नाना बेल ऐकून मागं वळत आणि विचारत, "मास्तर, खरंच?"

मी खरंच म्हणालो तरी उतरून दार स्वतः ओढून बघत, मग कुठं गिअर पडे. शेवगाव डेपोत माझी त्यांच्याशी जोडी लागली ती बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. पहिल्याच आठवड्यात बेलची दोरी तोडून टाकावी इतका मला त्यांचा राग आला. चहा आला तरी आधी कपात डोकावायचे. "ह्यात कायतरी हाय."

पण त्यांचा खरा संशय युनियनवर. तेव्हा नव्या कराराची बोलणी चालली होती. आमचे सेक्रेटरी मुंबईला जाऊन येत आणि "बोलणी चालू आहेत" एवढंच सांगत. मागण्या ड्रायव्हरांच्या, आणि त्यांचं पुढं काय झालं ते ड्रायव्हरांनाच ठाऊक नाही! सगळे वैतागले होते. तेवढ्यात बातमी फुटली की युनियननं ड्रायव्हरांना फिरती ड्यूटी मान्य केलीय. दर महिन्याला प्रत्येकाची गाडी बदलणार.

गेटवरच्या सभेत नाना उठले. "सेक्रेटरीसाहेब, हे तुमाला कुनी मागितलं हुतं? आन् जाताना तुमची पिशवी रिकामी, येताना भरल्याली कशी?"

"नाना, पोरींचे कपडे आणलेत."

"मंग दावा."

सेक्रेटरींनी रागानं पिशवी उपडी केली. दोन फ्रॉक निघाले. सभा खो खो हसली. नानांनी मात्र शांतपणे दोन्ही फ्रॉकच्या शिवणी चाचपून बघितल्या.

मला एक कोडं पडलं. नानांची बोरमाळची गाडी म्हणजे नुसती खडी आणि फुफाटा, डेपोतली सगळ्यात वाईट. फिरती ड्यूटी आली तर सुटका त्यांचीच. मग एवढा विरोध का? आता संशय घ्यायची पाळी माझी होती. बोरमाळच्या अलीकडं एका वस्तीपाशी ते रोज गाडी हळू करत आणि हॉर्न देत. तिथं थांबा नव्हता, रस्त्यात जनावर नसे. घरातून एक बाई ओट्यावर येई, गाडीकडं बघे आणि आत जाई. डेपोत कुजबुज होतीच. खोटं कशाला बोलू, मीही तीत तेल ओतलं.

शेवटी एकदा विचारलंच.

"लेक हाय माझी," नाना म्हणाले. "लग्नाच्या मांडवात मी नवऱ्या मुलाच्या शाळेचा दाखला मागितला. वय खरं हाय का बघाया. व्याह्यानं लगीन लावलं, पन सांगितलं, पुन्यांदा आमच्या घरी यायचं न्हाई. तिलाबी धाडत न्हाईत. चार वर्सं झाली." मग म्हणाले, "दाखला खरा निघाला, मास्तर."

मला माझी लाज वाटली.

पुढं करार झाला. पहिल्या तारखेला नाना नगरच्या गाडीवर गेले आणि माझ्याकडं नवा ड्रायव्हर आला. वस्तीपाशी मी त्याला हॉर्न द्यायला लावला. बाई बाहेर आली, ड्रायव्हरच्या खिडकीकडं बघितलं आणि पळत रस्त्यावर आली.

"आमचं दादा कुठं हायेत?"

"नाना ना? नगरच्या गाडीवर. ड्यूटी बदलली."

"आजारी न्हाईत न्हवं? खरं सांगा."

"खरंच."

"शपथ घ्या."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तरी तिला पटेना. म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, हितं येऊन दिसा. मामंजींचं मी बघते."

निरोप ऐकून नानांनी मला तीनदा विचारलं, तिच्याच तोंडचे शब्द का म्हणून. रविवारी त्यांची सुट्टी होती. धुतलेला सदरा घालून ते माझ्या गाडीत प्रवासी म्हणून बसले. वस्तीपाशी मी गाडी थांबवली, तर ती आधीच रस्त्याकडेला येऊन उभी होती.

नाना दारापर्यंत आले आणि पायरीवरच थांबले. दांडा घट्ट धरून मला हळूच म्हणाले, "मास्तर, जवळनं वळखंल न्हवं ती मला?"