वीज वाचवून शर्यत

गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळताना मी सासूबाईंकडून दरवेळी हरतो, यात माझा काडीचाही दोष नाही. दोष माझ्या जुन्या लॅपटॉपचा. हे मी बायकोला इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी तीच म्हणाली, "अहो, घ्या एकदाचा नवा कॉम्प्युटर."

घेतला. जोडला. आणि जेवताना छाती फुगवून जाहीर केलं, "सासूबाई, रविवारी तुम्ही परत जायच्या आधी एक शेवटची शर्यत. मी हरलो तर माझी मागची खोली तुमची. मग हवं तितकं राहा."

महिनाभर हॉलमधल्या सोफ्यावर अंग आखडून झोपणाऱ्या सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "खिडकी पूर्वेला आहे ना?"

रविवारी सकाळी सराव करायला बसलो, तर माझी गाडी दोन हात पुढे जायची, थांबून विचार करायची आणि पुन्हा दोन हात जायची. आमच्या ऑफिसातली फाईल यापेक्षा वेगाने सरकते. खोली जाणार!

ऑफिसातल्या एका सर्वज्ञ मित्राला फोन केला. तो म्हणाला, "तापत असेल. झाकण काढ आणि वारा घाल."

मी झाकण काढून टेबलफॅन लावला. गाडी ढिम्म. उडाले ते बायकोने शिवणकामासाठी जमिनीवर मांडलेले कागदी साचे. एक बाही खिडकीतून थेट शेजाऱ्यांच्या गॅलरीत गेली.

"आता ती बाही मागायला तुम्ही जायचं," बायको म्हणाली.

गेलो. आणून दिली. मग पुन्हा मित्राला फोन.

"मग वीज कमी पडत असेल," तो म्हणाला.

हे मला एकदम पटलं. मी मीटरपाशी गेलो आणि कॉम्प्युटर सोडून घरातलं सगळं बंद केलं. फ्रिज, इस्त्री, वॉशिंग मशीन, सगळं. गाडी तरीही रांगतच होती. तेव्हा मी माघारीचा बेत आखला. शर्यतीचा विषयच काढायचा नाही, गोड बोलून सासूबाईंना दुपारच्या बसमध्ये बसवून द्यायचं आणि खोली वाचवायची.

इतक्यात सासूबाई बायकोचा गाऊन घालून दारात उभ्या राहिल्या.

"जावईबापू, माझे प्रवासाचे कपडे मशीनमध्ये होते. दार उघडत नाही. आत साबणाचं पाणी तसंच आहे."

मी धावत जाऊन वीज चालू केली. मशीनने धुणं पहिल्यापासून सुरू केलं. बस चुकली ती चुकलीच.

"आता इथे बसून करायचं काय? शर्यत उरकून घेऊ," म्हणत त्यांनी बायकोचा लॅपटॉप मांडीवर घेतला.

मी काकुळतीला येऊन बायकोकडे पाहिलं. ती माझ्या स्क्रीनकडे पाहत होती.

"अहो, कोपऱ्यात हे हिरवं पान कसलं? वीजबचत चालू आहे. तुम्हीच नाही का पहिल्या दिवशी लावलीत? वर मला अर्धा तास व्याख्यान दिलंत, की रिकाम्या खोलीतला दिवासुद्धा मी सहन करत नाही म्हणून."

मी ते पान घालवलं. आणि काय सांगू, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी पळाली! मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. आता पडद्यावर एकही झटका नाही, रस्ता आरशासारखा स्वच्छ. त्यामुळे पुढे गेलेल्या सासूबाईंच्या गाडीची मागची बाजू मला शेवटपर्यंत अगदी स्पष्ट दिसत राहिली.

आता कॉम्प्युटर बाहेर, चपलांच्या कपाटाशेजारी असतो. सासूबाई पूर्वेच्या खिडकीशी चहा पितात आणि "येता का शर्यतीला, जावईबापू?" म्हणून रोज हाक मारतात. मीही तयार होतो. फक्त बसण्याआधी, कोणाचं लक्ष नाही असं बघून, ते हिरवं पान गुपचूप परत लावून ठेवतो.

हरायला माणसाला काहीतरी कारण नको का?