कमी वासाचं साहित्य

पुण्याहून सिंगापूरला आलेले आयटी मॅनेजर हेमचंद्र यांच्या स्वयंपाकघरात गिझरचा गरम पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे बोटभर फट पडली होती. त्या फटीतून हिंगाची फोडणी शेजारच्या फ्लॅटमध्ये विनापरवाना प्रवेश करत असे. वुडलँड्स भागातल्या त्या कॉन्डोने, म्हणजे गृहसंकुलाने, हा प्रकार गंभीर मानला. भाडेकरार संपत आला होता. वासाची तक्रार मिटल्याखेरीज तो वाढणार नाही, असं कॉन्डोच्या ऑफिसातल्या मिस्टर टॅननी अत्यंत नम्रपणे कळवलं. घर गेलं की मुलीची, इराची, शाळाही जाणार. हेमचंद्रांच्या तोंडचं पाणीच पळालं.

त्यांनी उष्णता सोसणारं सिलिकॉन आणलं. "इमारतीत फक्त कमी वासाचं साहित्य चालतं," टॅन म्हणाले. हेमचंद्रांनी नळीवर छापलेलं 'लो ओडर' दाखवलं. टॅन प्रसन्न झाले. मग त्यांची नजर ओट्यावरच्या हिंगाच्या डबीवर गेली.

"आणि हे साहित्य?"

"तो मसाला आहे!"

"इमारतीतच वापरता ना?"

हेमचंद्रांनी डबी कपाटात ठेवली. शिवाय सिलिकॉनचा वास तपासायचा तर आधी घराला स्वतःचा वास नको, असंही ठरलं. फोडणी तहकूब झाली.

"अरे, ही आमटी आहे की डाळ धुतलेलं पाणी?" बायकोने, मीनलने, वाटी आपटली.

"करार होईपर्यंत गिळ गं."

"बाबा, नो टेस्ट लाह!" इरा शाळेत शिकलेल्या सिंगापुरी इंग्रजीत रडकुंडीला आली.

ठरल्या दिवशी टॅननी फटीला नाक लावून दीर्घ श्वास घेतला. वास शून्य. सबब, फट बुजवण्याचं कारण उरत नाही, परवानगी नामंजूर. घर असंच बिनवासाचं ठेवण्याच्या अटीवर करार मात्र वाढला.

फट उघडीच राहिली. आता पलीकडून तळलेल्या लसणीचा खमंग वास येई आणि तिघं आपापली वाटी घेऊन त्या फटीखाली जेवत. हेमचंद्रांनी याचीही तक्रार केली.

"ते फ्लॅटचे मालक आहेत," टॅन समजावत म्हणाले. "मालकाला वास नसतो."

हेमचंद्र तणतणत घरी आले. "माणसाला हुंगून घर देतात! लाज कशी वाटत नाही यांना?" तेवढ्यात पुण्याहून एजंटचा फोन आला. कोथरूडचा त्यांचा फ्लॅट रिकामा होता.

"सर, भाडेकरू मिळालाय. इंजिनिअर आहे, अगदी सज्जन. फक्त मासे खातो."

"छे छे! वास भिंतीत मुरतो हो. जागा गेली म्हणून सांगा."

हेमचंद्रांनी शांतपणे वाटी उचलली आणि ते फटीखाली जाऊन बसले.

वाचकहो, तुम्ही मघापासून टॅनच्या नावाने बोटं मोडत होतात, ते योग्यच. पण त्या इंजिनिअरचं आडनाव काय असेल, हे आत्ता तुमच्या मनात आलंच ना?