चार नंबरचे मलम

माणसाने मनावर घेतले, तर मुखावरची तीस वर्षे आठ दिवसांत पुसून टाकणे मुळीच अशक्य नाही, असे ग्वाक दुशिक ह्यांचे ठाम मत होते. आणि एकदा ठाम झालेले मत बदलण्याची रीत दक्षिण कोरियातल्या देगू शहरातील पुरुषांत नाही!

मनावर घेण्याचे कारणही तसेच भयंकर होते. येत्या शनिवारी त्यांची एकुलती कन्या बोराम हिच्या भावी सासरच्या मंडळींशी पहिली भेट ठरली होती. अशा भेटीत उभय घरचे आईबाप एका मेजावर बसून जेवतात, एकमेकांस डोळे भरून न्याहाळतात, आणि शेवटचे फळ कापले जाईपर्यंत लग्न एक तर ठरते, नाही तर मोडते. मुलगा लाखात एक होता. परंतु मुलाच्या मातोश्री येओमबाई ह्या चर्चमधील मोठ्या वजनदार, आणि त्यांच्या तीर्थरूपांनी दारूपायी घर धुळीस मिळवलेले. त्यांनी बोरामला रोखठोक सांगितले होते, "तुझ्या वडिलांनी सोडली म्हणतेस ना? बरं. मला शपथा नकोत. मी तोंड बघेन. दारुड्याचं तोंड मला दहा हातांवरून ओळखू येतं!"

दुशिक ह्यांनी दारू सोडल्यास चौदा महिने झाले होते. खरोखरच सोडली होती. पण हे त्यांच्या तोंडाला कोण सांगणार? एकतीस वर्षे शहरबस हाकताना खिडकीचे ऊन खाऊन त्यांचा डावा गाल भाजलेल्या वांग्यासारखा सुरकुतला होता, आणि नाकावर गतजन्मीच्या पापांच्या तांबड्या रेघा तशाच राहिल्या होत्या. आरशापुढे उभे राहून त्यांनी पत्नीला हाक मारली.

"अगं बोरामची आई, हे तोंड बघून ती बाई आपली पोर नाकारणार!"

"तेहेतीस वर्षं हेच तोंड बघतेय मी," पत्नी कोबी चिरता चिरता म्हणाली, "मी मेले का?"

ह्या उत्तराने धीर न येता ते तडक बाजारपेठेतील सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेले. आयुष्यात प्रथमच! दुकानातील मुलीने त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेतले.

"रेटिनॉल घ्या काका. सुरकुत्या म्हणा, डाग म्हणा, सगळ्यावर चालतं. ह्यात एक ते चार नंबर असतात. तुमची पहिलीच वेळ ना? मग एक नंबर. आठवड्यातून दोनदा, मटाराच्या दाण्याएवढं."

एक नंबर! दुशिक ह्यांच्या स्वाभिमानास ठेच लागली. त्यांच्या गल्लीत तॉकबोक्कीच्या, म्हणजे तिखटजाळ रश्शातल्या तांदळाच्या वड्यांच्या, दुकानीही तिखटाचे एक ते चार असेच नंबर होते, आणि एक नंबर हा दात येणाऱ्या बालकांसाठी होता, हे सर्वश्रुत होते.

"मी सगळीकडे चारच घेतो. कपाळावर घामाचा थेंब येत नाही!"

"काका, हे खायचं नाहीये!"

"एवढं कळतं मला. चार दे."

"अहो, चारपर्यंत यायला लोकांना वर्षं लागतात!"

"मुली," ते गंभीरपणे म्हणाले, "माझ्याकडे आठ दिवस आहेत."

बसचालकाच्या मुखास मटाराचा दाणा कसा पुरावा? त्यांनी भाकरीवर लोणी थापावे तसे मलम थापले. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी. डाव्या गालास तर दुप्पट, कारण त्याचा अपराध दुप्पट होता. दुसऱ्या दिवशी त्वचा ताठरली. "गुण येतोय!" ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी तोंड रखरखू लागले. "जोरात येतोय!" ते म्हणाले, पण आवाज किंचित कापला. चौथ्या दिवशी मात्र बोट फिरवताच गालावरून बारीक बारीक वळकट्या सुटू लागल्या, आणि दुशिक ह्यांना सर्व उलगडा झाला. हा मळ होता! एकतीस वर्षांचा डिझेलचा, धुळीचा नि पापाचा मळ, औषधाने फुगून वर आला होता. आणि अंगावरून वळकटी सुटली की देगूचा माणूस दुसरीकडे कोठेही जात नाही. तो थेट हमामात जातो.

हमामात अंग घासून देणारा मान्सू हा त्यांचा जुना स्नेही होता. हातात हिरवा खरखरीत मोजा चढवताच त्याची नजर वर गेली.

"दादा, तोंडाला काय झालंय?"

"मळ सुटतोय. घास."

"मी अंग घासतो. तोंड नाही घासत."

"अरे, माझ्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे! घास म्हणतो ना!"

मान्सूने डाव्या गालावर दोनच हात मारले. त्यानंतर जी किंकाळी उठली, तिने गरम पाण्याच्या हौदातील सात वृद्ध एकदम उभे राहिले. त्यांपैकी तिघे तर कंबरदुखीमुळे वर्षभर आपणहून उठले नव्हते!

"दादा," मान्सू पांढराफटक पडून मोज्याकडे पाहत म्हणाला, "हा मळ नाही. हे कातडं आहे."

"नवीन येतं का रे?" दुशिक ह्यांनी क्षीण स्वरात विचारले.

"येतं म्हणतात. शनिवारपर्यंत येतं का, ते मला विचारू नका."

शनिवारी सकाळी त्यांचे मुख पाहण्यासारखे राहिले नव्हते, अथवा केवळ पाहण्यासारखेच राहिले होते. पत्नीने आपली पावडर लावून पाहिली. पोपडे धरलेल्या भिंतीला चुना मारल्यागत ती दुपारपर्यंत गळून कॉलरवर पडली. उपाहारगृहाच्या दाराशी बोराम उभी होती. राजधानी सोलहून सकाळच्या गाडीने आलेली, नवा फिका निळा पोशाख ल्यालेली. तिने वडिलांचे ते रसरसलेले तांबडे तोंड पाहिले, आणि तिच्या ओठांतून एकच शब्द निघाला:

"पुन्हा?"

"नाही गं बाळा! शप्पथ!"

"मग हे काय आहे बाबा?"

पण इतक्यात व्याही मंडळी आली, आणि सर्वांना वाकून नमस्कार करावे लागले.

सर्व मेजाभोवती बसले. येओमबाई समोरच बसल्या होत्या आणि त्यांची नजर दुशिक ह्यांच्या मुखावर खिळ्यासारखी ठोकलेली होती. गरम रश्शाची वाफ गालाला लागताच दुशिक ह्यांचे डोळे पाझरू लागले. त्यातच वाढणाऱ्या बाईने सर्वांपुढे जवाचे पाणी ठेवले, दुशिक ह्यांच्याकडे एकवार मायेने पाहिले आणि विचारले, "काका, तुमची बाटली आत्ता आणू की जेवणाबरोबर?"

"तुम्हाला उकडतंय का हो?" येओमबाईंनी विचारले. शब्द बर्फाच्या खड्यांसारखे मेजावर पडले.

बोरामने मान खाली घातली. तिच्या भाताच्या वाटीत एक टपोरा थेंब पडला. इतर सर्व काही दुशिक ह्यांनी सहन केले असते. समोर व्याही, म्हणजे नौदलातून निवृत्त झालेला ताठ गृहस्थ, बसला होता. त्याच्यादेखत हे बोलण्यापेक्षा दारुडा म्हणवून घेणे देगूच्या माणसास अधिक सोपे होते. तरी ते उठून उभे राहिले.

"बाई! मी प्यायलेलो नाही! मी... मी लावलंय!"

"काय लावलंय?"

"रेटिनॉल."

व्याह्यांच्या हातून चॉपस्टिक निसटली.

"कितवा नंबर?" येओमबाईंनी विचारले.

"चार."

"पहिल्याच वेळी? दिवसातून कितीदा?"

"तीनदा. आणि मग... हमामात घासून घेतलं."

"परमेश्वरा!"

त्या उठल्या, मेजाला वळसा घालून आल्या, चष्मा चढवला आणि कलिंगड पारखावे तसा त्यांचा गाल पारखू लागल्या. दुशिक ह्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी त्यांच्या श्वासाचा वास घेतला. एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा.

"दारू नाही," त्या सावकाश म्हणाल्या. मग त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. "आणि दारुडा माणूस पोरीसाठी तोंडाला काही लावत नसतो. माझ्या बापानं माझ्या लग्नाला साबणसुद्धा लावला नव्हता."

मेजावर श्वास सुटल्याचा आवाज झाला. दुशिक ह्यांच्या पत्नीने संधी साधून पिशवीतून तारखांचा कागद काढला. "मग बाई, पुढच्या महिन्यातली दहा तारीख—"

"पुढच्या महिन्यात?" येओमबाई गरजल्या. "ह्या तोंडानं फोटोत बसणार हे? कातडी भरायला तीन महिने तरी लागतील. मेच्या शेवटच्या शनिवारी!"

पंचांग उघडून तीन दिवस खपून काढलेला मुहूर्त असा एका गालापायी बदलला. बोराम रडता रडता हसू लागली, व्याह्यांनी निसटलेली चॉपस्टिक उचलली आणि वाढणाऱ्या बाईला कळले की बाटली कोणालाच नको आहे.

निघताना पादत्राणे घालण्याच्या गर्दीत येओमबाईंनी दुशिक ह्यांना हळूच बाजूला घेतले. आता काय राहिले?

"ती चार नंबरची नळी," बाई इकडेतिकडे पाहून कुजबुजल्या, "उरलीय का?"

"अर्धी आहे."

"फेकू नका. मला पाठवून द्या. हे मला तीनच्या वर जाऊच देत नाहीत!"

दुशिक ह्यांना खळखळून हसावेसे फार वाटले. पण हसले की गाल तडकत होता, म्हणून त्यांनी नुसतेच वाकून नमस्कार केला.