भारतची सुटलेली बॅट

"वरच्या भारतने म्हणे पोरीची बॅट गच्चीवरून फेकली, आणि मग तिला..." एवढंच मंजुषाकाकूंच्या कानावर पडलं आणि भाजीवाली साळूबाई टोपली उचलून पुढच्या सोसायटीत निघून गेली.

अर्धी बातमी काकूंना पचत नाही. (पुरी पचते असंही नाही.) पंचवटीतल्या आमच्या चार मजली बिल्डिंगची लिफ्ट बंद होती, तरी काकू निघाल्या. प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबल्या, आणि भेटेल त्याला सांगता सांगता उरलेली बातमी त्यांनी स्वतःच पुरी केली. गच्चीवर पोहोचेपर्यंत भारतने सायलीचं सॉफ्टबॉल कायमचं बंद केलं होतं आणि तिच्यासाठी स्थळंही बघायला घेतली होती. (पोरगी नववीत.)

वर रस्त्याच्या बाजूला, कपडे वाळवायच्या दोरीला एक उशी टांगलेली. एकीकडे सायली नखं कुरतडत, दुसरीकडे तिचा बाप भारत दोरीची गाठ उगाच तपासत. उद्या सकाळी जिल्हा संघाची निवड, आणि पोरीच्या हाताला बसलेली बॅट ती एकच.

काकूंनी भारतला उभं-आडवं झापलं. त्याने सगळं खाली मान घालून ऐकलं.

"चुकलंच, काकू. राग आला, फेकली."

रागाचं कारणही त्याने सांगितलं. बापलेक दोघं ढोलपथकातले. ढोलावर टिपरू पडलं की लगेच मागे घ्यायचं, ही सवय सायलीच्या मनगटात इतकी मुरलेली, की बॅट चेंडूला लागली रे लागली की ती हात आखडायची. चेंडू आपला पायाशी. सॉफ्टबॉलच्या सरांनी बजावलं होतं, आधी कंबर वळव, मग हात, आणि बॅट मध्येच थांबवू नको, पार दुसऱ्या खांद्यामागे जाऊ दे. तेच भारत गच्चीवर उशी टांगून, तिच्यावर बॅट मारायला लावून पक्कं करून घेत होता.

"बरं, फेकलीस कुठे?"

"रस्त्याकडे."

काकूंनी वरूनच वॉचमनला कामाला लावलं, पानवाल्यालाही. रिक्षांखाली बघून झालं, गटारात काठी घालून झाली. बॅट नाही. ऊन उतरलं तशी सायली रडवेली झाली.

"बाबा, सांगा ना आता. मागे शोधायला हवं."

काकू थबकल्या. "उशीकडे तोंड करून उभा असलेला माणूस रागाने पाठीमागे कशी फेकेल रे?"

भारतचे कान लाल झाले. निघालं ते असं, की बॅट खांद्यामागे कशी न्यायची हे दाखवायला त्याने जीव खाऊन फिरवली, ती खांद्यामागे गेली, आणि गेलीच. भर मिरवणुकीत ज्याच्या हातून कधी टिपरू सुटलं नाही, त्या पथकप्रमुखाच्या हातून.

बिल्डिंगमागे गेणूचं हारांचं शेड आहे. तिथे झेंडूच्या ढिगात बॅट उभी रुतलेली सापडली. सायली धावत वर आली आणि तिने पवित्रा घेतला. कंबर वळली, हात आले, बॅट कुठेही न थांबता खांद्यामागे गेली. उशी फाटली. काकूंच्या केसांत कापूस.

"बाबा, तुमचं सगळं बरोबर होतं," सायली म्हणाली. "फक्त बॅट धरून ठेवायची."

म्हणजे बॅट गच्चीवरून गेली एवढंच खरं होतं. भारत काकूंना जिन्यापर्यंत सोडायला आला आणि हात जोडून म्हणाला, "काकू, पथकात तोंड दाखवता येणार नाही. रागाने फेकली, असंच राहू द्या."

काकूंनी काळारामाची शपथ घेतली. ती तिसऱ्या मजल्यापर्यंत टिकली.