सरळ, भरीव, कीड नाही

चांदा जिल्ह्यात वाटेल तो माणूस गाणी रचतो, वाटेल तो नाचतो आणि सकाळी उठून नांगर धरतो, ही गंभीर बाब सन एकोणीसशे सत्तावनच्या आषाढात कलानियमन मंडळाच्या ध्यानात आली. मंडळ नवीन होतं आणि त्याला अजून काम सापडलेलं नव्हतं. त्यानं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीनं दोन बैठका आणि चार वेळचा चहा घेऊन एकमतानं ठरवलं, की खरी कला दुःखी मनातूनच उपजते, थोर कलावंत थोडेफार वेडेच असतात, आणि ज्या अर्थी असं आहे त्या अर्थी डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं कला करणं ही जनतेची फसवणूक होय. लागलीच परिपत्रक निघालं. यापुढं गाणं-नाचणं करू इच्छिणाऱ्यानं मानसिक अस्वास्थ्याचा दाखला काढावा. बिनदाखल्याची कला आढळल्यास वाद्य जप्त होईल.

सिंदेवाहीच्या पलीकडं कोसमटोला म्हणून गाव आहे. तिथला लटारू हा दंडारीचा सोंगाड्या. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तेव्हा गावातलेच गडी जी नाचगाण्याची दंडार उभी करतात, तिच्यात लोकांना हसवायचं काम त्याचं. तीस वर्षं तो ते करत होता. माहेरी आलेल्या लेकी ओवाळणीपेक्षा लटारूच्या सोंगाची वाट जास्त पाहत. बाकी माणूस अगदी साधा. दोन एकर धान, तलावातल्या मासोळीचा वाटा, बायको भागीरथा, आणि पाठ टेकली की घोरणं. गाणी त्याला रोवणीच्या चिखलात वाकल्या वाकल्या सुचत.

कोतवालानं परिपत्रक वाचून दाखवलं तेव्हा लटारू पोट धरून हसला. वाद्यजप्तीचं कलम आलं तेव्हा मात्र दंडारीचा ढोलकीवाला मुखरू यानं आपली ढोलकी मांडीवर ओढून घेतली. ती त्याच्या आज्याची होती.

"लटारूभाऊ, थोडासा येडा होऊन ये ना बापा," मुखरू म्हणाला. "मंडईपुरता."

"मंडईपुरता होतो," लटारू म्हणाला. "त्यात का आहे?"

तो छोट्या रुळांच्या गाडीनं चांद्याला गेला. मंडळाच्या कचेरीत भैयाजी नावाचा कारकून होता. हा गडी वीस वर्षं लाकडाच्या डेपोत काढून आलेला. हातोड्याच्या मागच्या बाजूनं सागाचा ओंडका ठोकायचा, कान लावायचा, आणि आवाजावरून भरीव की पोकळ ते वहीत लिहायचं, हा त्याचा धंदा. माणसं तपासायचा नमुना वरून आलाच नव्हता, म्हणून त्यानं सागाचाच चालू ठेवला. लटारूला त्यानं भिंतीशी उभं केलं, टेपानं मापलं, पेन्सिलीनं डोकं ठोकलं, कान लावला आणि लिहिलं: 'सरळ, भरीव, कीड नाही. प्रत पहिली.'

"बारा साल झाले, असा माल पाह्यला नाई," भैयाजी आदरानं म्हणाला.

लटारू खूश होऊन आतल्या साहेबांपुढं उभा राहिला. साहेब मुंबईहून आलेले. मनाच्या रोगांवरचं एक पुस्तक त्यांनी निम्म्याच्या वर वाचलेलं होतं. भैयाजीचा शेरा वाचून त्यांचा चेहरा पडला.

"झोप लागते?"

"लागते जी. कोंबडा बोंबलेपर्यंत."

"आयुष्याबद्दल काय वाटतं?"

"औंदा पाणी बरा आहे."

"रडावंसं वाटतं?"

"कांदा कापतो तवा."

साहेब पुढं झुकले. "गाणं सुचतं, तेव्हा आत नेमकं काय होतं?"

"कंबर दुखते जी," लटारूनं विचार करून सांगितलं. "रोवणी करून राह्यलो असतो ना."

साहेबांनी लिहिलं, 'मनःस्थिती समाधानकारक. सबब कलावंत म्हणून अपात्र.' माणूस वाईट नव्हता. लटारूला दारापर्यंत पोचवायला ते स्वतः आले आणि म्हणाले, "निराश व्हा. प्रयत्न सोडू नका."

भादव्यात लटारू पुन्हा गेला. या खेपेला मुखरूनं सगळं शिकवून पाठवलं होतं. डोक्यावर भागीरथेचं सूप बांधून लटारू कचेरीत शिरला, टेबलाला म्हैस समजून त्यानं तिच्या पायाशी बैठक मारली आणि धार काढायला लागला. म्हैस दूध चोरते म्हणून तिची त्यानं समजूत घातली, मग तिच्या आईचा उद्धार केला. भैयाजी हसून हसून भिंतीला टेकला. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"हा अभिनय आहे का हो?" त्यांनी विचारलं.

आता इथं शहाण्या माणसानं काय म्हणावं? पण तीस वर्षं टाळ्या खाल्लेला जीव तो. लटारू टेबलाखालून म्हणाला, "आवडला का जी?"

"उत्कृष्ट. परंतु दाखल्याशिवाय केलात."

कचेरीच्या आवारात बिनदाखल्याची कला केल्याबद्दल त्याला तिथंच नोटीस मिळाली आणि वाद्य म्हणून सूप जप्त झालं. भागीरथा शेजारणीकडून सूप मागून आणून तांदूळ पाखडू लागली.

खरी मौज पुढंच आहे. नोटिशीला उत्तर द्यायचं तर आपण कलावंत नाही असं लिहून द्यावं लागे. दाखल्याचा अर्ज करायचा तर आपण कलावंत आहोत असं. साहेबांनी अगदी आपुलकीनं बजावलं, की दोन्ही कागदांवर तारीख एकच हवी. लटारूनं आठ खेपा घातल्या. एक कागद मान्य झाला की दुसरा फेटाळला जाई. पहिल्या खेपेला त्याची झोप उडाली नाही, चौथीला उडाली. बांधावर बसून तो एका बाजूला तोंड करून म्हणे, मी आहो, आणि दुसऱ्या बाजूला करून म्हणे, मी नाई. एक दिवस तलावावर जाळं न नेताच गेला आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात उभा राहिला.

"तुमी आताशा काऊन हसत नाई?" भागीरथेनं विचारलं.

"हसलो त दाखला नाई भेटणार."

"नसंल भेटत त नसू द्या."

"मंग मंडईचं का करू?" तिनं पुढं सरकवलेलं भाताचं ताट त्यानं तसंच ठेवलं. भागीरथेला भीती वाटली. दुष्काळातही हा माणूस जेवताना हसवायचा, आणि आता आंबिल पुढं आली तरी भिंतीकडं बघत बसे.

"वैनी, काम होऊन राह्यलं," मुखरू आनंदानं म्हणाला. तिनं त्याला पळी फेकून मारली.

दिवाळीच्या आठ दिवस आधी भैयाजीनं लटारूला पुन्हा भिंतीशी उभं केलं. डोकं ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

"पोकळ," तो हळूच म्हणाला. "भाऊ, कीड लागली तुले." त्याला मनापासून वाईट वाटलं. चांगला सागाचा माल डोळ्यादेखत वाया गेलेला त्याला कधीच बघवत नसे. त्यानं लिहिलं, 'वाकडा, पोकळ. जळाऊ.'

शेरा वाचून साहेब खुर्चीवरून उठले आणि त्यांनी लटारूचा हात हातात घेतला. दाखला प्रथम श्रेणीचा मिळाला.

मंडईला साहेब जातीनं आले. मुखरूनं ढोलकीवर थाप टाकली. लटारू पुढं आला आणि उभा राहिला. मुखरूनं पुन्हा सुरुवात वाजवली, आणि तिसऱ्यांदा. लटारू आपल्या हातांकडं बघत होता. गाणं नव्हतं. आत खूप शोधलं त्यानं, पण दोन कागद तेवढे सापडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

साहेब उठून टाळ्या वाजवू लागले. साहेब वाजवतात म्हणून पाटील वाजवू लागला, पाटील वाजवतो म्हणून गाव. माहेरी आलेली एक लेक आईला म्हणाली, "माय, हसाचं कवा?" भागीरथेनं टाळी वाजवली नाही. आठ दिवसांनी नागपूरच्या एका पेपरात मौनाच्या थोर आविष्काराबद्दल दोन रकाने छापून आले.

भागीरथेनं दाखला कोंबडीच्या अंड्यांखाली घातला, नवऱ्याच्या हातात विळा दिला आणि त्याला धानाच्या बांधीत नेऊन सोडलं. कचेरीचं तिनं नाव काढू दिलं नाही. कापणी झाली, मळणी लागली. रोज भात-मासोळी पोटात, रोज दमून झोप. विसाव्या दिवशी खळ्यावर बैल हाकताना मुखरू तणसाच्या ढिगात उलटा पडला आणि नुसते पाय वर राहिले. लटारू हसला. हसता हसता बैलांमागं फिरू लागला आणि फिरता फिरता गाऊ लागला. गाण्यात एक कारकून होता, एक पेन्सिल होती आणि एक डोकं होतं. खळ्यावरच्या बायांनी पोट धरलं. भागीरथा तोंडाला पदर लावून रडली, आणि मग हसली.

नेमकी त्याच दिवशी जीप आली. साहेबांबरोबर शहरातले चार कलाप्रेमी होते.

"ते दुःखी कलावंत कुठं भेटतील, बाई?"

"थे का, बैलामागं गाऊन राह्यले."

चौघांनी बराच वेळ पाहिलं. "म्हणजे, बरे झाले?"

"झाले जी. चांगले झाले."

"अरेरे," त्यांतला एक म्हणाला आणि त्यानं टोपी काढली. साहेबांनी जड मनानं दाखला परत मागितला. भागीरथेनं तो अंड्यांसकट दिला. तेव्हापासून कोसमटोल्यात दंडार होत नाही. मंडईच्या दिवशी ढोलकीसकट मळणी होते, आणि मळणीला अजून तरी दाखला लागत नाही.

त्या चौघांना हसू नका. लटारू मंडईत मुका उभा राहिला तेव्हा आता कुठं गोष्ट रंगात आली असं तुम्हालाही वाटलंच होतं, आणि तो खळ्यावर हसला तेव्हा शेवट जरा पडला असं वाटलं असेल. समितीवर कोण कोण होतं, हे परिपत्रकाच्या मजकुरात दिलेलं नाही. खालच्या सह्या मात्र एकदा नीट बघून घ्या, एखादी ओळखीची निघेल.